बाबा घाबरला की

८ ऑगस्ट, सोमवार

हिने सांगितलं म्हणून लिहायला बसलोय. "तुझ्या डोक्यात येतं ते सगळं माझ्या कानात ओतत जाऊ नकोस," म्हणाली. "मलाही सकाळी कामावर जायचं असतं. कागदावर ओत. कागद दचकत नाही." आणि तिच्या चष्म्याच्या दुकानात वाटायला आलेली ही डायरी माझ्यापुढे टाकली. प्रत्येक पानावर एक डोळा छापलाय. बघतोय माझ्याकडे. बघू दे.

खारू उद्यापासून शाळेत जाणार. दोन वर्षांनी.

खारू म्हणजे आमची मुलगी, नऊ वर्षांची. हे नाव तिनेच घेतलं. ऑपरेशननंतरच्या औषधांनी तिचे गाल असे काही फुगले, की आरशात बघून म्हणाली, "मी खारूताई झाले, दोन्ही गालांत दाणे भरलेत." पुढे गाल उतरले, नाव राहिलं. जन्मली तेव्हाच तिच्या पित्ताच्या नळ्या बंद होत्या. यकृताने सातव्या वर्षापर्यंत कसंबसं रेटलं आणि मग हात टेकले. पोरगी पिवळी पडली, पोट ताशासारखं, हातपाय काड्या. शेवटी हिने आपल्या यकृताचा तुकडा दिला. माझा रक्तगट जुळत नव्हता.

एका दाराआड ही, दुसऱ्या दाराआड खारू आणि मध्ये बाकावर मी. जाऊ दे. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "यकृत मस्त चाललंय. आता तिला घरात कोंडून ठेवायचं कारण नाही. शाळा, मैत्रिणी, खेळ, भांडणं, सगळं होऊ द्या." भांडणंसुद्धा! डॉक्टर फार हुशार आहेत, पण त्यांनी शाळेतला नळ पाहिलाय का? मी जाऊन पाहून आलो. चाळीस पोरं त्याला हात लावतात. त्यातली निम्मी तरी शिंकत असणार. शरीराने आईचा तुकडा परका समजून नाकारू नये म्हणून खारूला सकाळ-संध्याकाळ जे औषध असतं, त्याने तिची सगळी लढायची ताकदच कमी होते. दुसऱ्याच्या पोराला सर्दी होईल, तिथे आपल्या पोरीला काय होईल, कोण सांगणार?

कागद दचकत नाही हे खरं आहे. पण माझं दचकणं काही त्याने कमी होत नाहीये.

९ ऑगस्ट, मंगळवार

दुपारच्या सुट्टीत आमच्या लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीची गाडी शाळेच्या कुंपणाशी लावली. शेजारच्या इमारतीची लिफ्ट तपासायची होतीच. (पुढच्या महिन्यात होती. पण आधी तपासली तर बिघडलं काय?)

खारू मैदानात पळत होती. तिला मी पळताना फारसं पाहिलेलंच नाही. कोपरं बाहेर काढून, बदकासारखी पळते. एक उंच मुलगी मागून आली आणि तिच्यावर धाडकन आदळली. दोघी पडल्या. मी कुंपण कसं ओलांडलं, मला आठवत नाही. पँट फाटली एवढं खरं. खारूला उचललं, पोट दाबून पाहिलं, शर्ट वर करून टाके पाहिले. टाके कसले, आता वळ आहे नुसता, या कडेपासून त्या कडेपर्यंत. सगळी पोरं गोळा झाली. मग मी तिच्या बाईंना भेटून सांगितलं की हिला पळू द्यायचं नाही, सुट्टीत वर्गातच बसवा. बाई "बरं" म्हणाल्या.

वेळेवर पोचलो म्हणून बरं झालं.

घरी आल्यावर खारू बोलेना. हिने विचारलं तेव्हा म्हणाली, "बाबाने सगळ्यांसमोर माझा शर्ट वर केला." ही माझ्याकडे अशी पाहत राहिली की मी पँट शिवायला बसलो.

१८ ऑगस्ट, गुरुवार

आज एका दवाखान्याच्या इमारतीत लिफ्ट अडकली. आत एक बाई एकट्याच. दारावर धपाधप हात मारत होत्या, श्वास लागला होता. माझा कामावरचा जोडीदार वर मशीनच्या खोलीत गेला आणि मी दाराला तोंड लावून त्यांच्याशी बोलत राहिलो. "ताई, खाली बसा. लिफ्ट पडत नसते. एक दोर तुटला तरी बाकीचे धरतात, आणि तेही गेले तर खालचा जबडा रुळांना आवळून धरतो. तुम्ही इथे जेवढ्या सुरक्षित आहात तेवढ्या रस्त्यावर नाही. तुमच्या घरी कोण कोण असतं?" बाहेर आल्या तेव्हा हसत होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "तुमच्या आवाजानेच मी तगले."

खाली आल्यावर जोडीदार म्हणाला, "दुसऱ्याला धीर द्यायचा तर तो तूच द्यावास. घरी जाताना थोडा बरोबर नेत जा की."

काय बोलतो त्याचं त्यालाच माहीत.

मोठी बातमी राहिलीच. शाळेत नाटक बसवतायत आणि खारू त्यात न्यायाधीश! जंगलातल्या खटल्याचं नाटक आहे. त्या दिवशी आदळलेली ती उंच मुलगी जिराफ आहे, सगळे तिला लंबू म्हणतात, आणि आता तीच खारूची जिवाभावाची मैत्रीण झालीय. खारू घरभर लाटणं आपटत फिरते. "शांतता! पुढचा साक्षीदार हजर करा!" मी आंघोळीला उशीर केला म्हणून मला सक्तमजुरी झाली. भांडी घासली.

नाटक म्हणजे बंद सभागृह. दोनशे माणसं, एकच हवा. विचारून ठेवायला हवं.

२५ ऑगस्ट, गुरुवार

ज्याची भीती होती तेच. शेजारच्या वर्गात एका मुलाला कांजिण्या.

फोन आला तेव्हा मी लिफ्टच्या टपावर होतो. तसाच उतरलो. खारूला तासाच्या मधूनच उचलून आणलं. कांजिण्या इतर पोरांना होतात आणि जातात. खारूसारखीला झाल्या तर थेट फुप्फुसात, मेंदूत उतरू शकतात, हे मला डॉक्टरांनीच पहिल्या वर्षी सांगितलं होतं. ते वाक्य मी विसरलेलो नाही. त्यांची सगळी चांगली वाक्यं मी विसरतो, असं हिचं म्हणणं आहे.

डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. तो मुलगा खारूच्या जवळपास आलेला नाही. "आठवडाभर घरी थांबवा, अंगावर काही दिसलं तर लगेच या, नाहीतर पाच तारखेला, सोमवारी शाळेत पाठवा."

आल्यापासून तासातासाला तिचं अंग तपासतोय. एक डासाचा फोड निघाला तर मी खुर्चीवर बसलो तो उठलोच नाही. ही म्हणाली, "डास आहे. डास. म्हण."

५ सप्टेंबर, सोमवार

आज पाठवायचं होतं. नाही पाठवलं.

काय बिघडतं आणखी आठवडाभराने? एकदा पाठवलं आणि काही झालं तर मागे येता येत नाही. हिच्याशी कडाक्याचं वाजलं. ही म्हणाली, "मी तिला माझ्या पोटातलं काढून दिलं ते घरात बसून भिंती मोजायला नाही." मी म्हणालो, "तू देऊन मोकळी झालीस, सांभाळायचं मला आहे." हे बोलायला नको होतं. ही काही न बोलता दुकानात गेली.

खारूने दप्तर भरून ठेवलं होतं. ते तिने स्वतःच रिकामं केलं. रडली नाही. फक्त विचारलं, "पुढच्या वेळी मला काही झालं तर पण नाटक बंद?"

"तुला काही होणारच नाही," मी म्हणालो.

"पण झालं तर?"

"तर अर्थात बंद. जिवापेक्षा नाटक मोठं आहे का?"

ती मान हलवून आत गेली आणि लंबूला फोन लावून फोनवरच तालीम करत बसली. पोरगी समजूतदार आहे.

१३ सप्टेंबर, मंगळवार

शाळा पुन्हा सुरू झाली. बाईंनी न्यायाधीशाचं काम दुसऱ्या कुणाला दिलेलं नव्हतं. घरात पुन्हा लाटणं वाजायला लागलं.

कालच्या तपासणीत सगळं ठीक, फक्त अंगात एक क्षार कमी पडतोय म्हणून एक नवी गोळी वाढवली, सकाळच्या औषधाबरोबर घ्यायची. मी माझ्या हाताने देतो, पाणी देतो, तोंड उघडायला लावून बघतो. यात आजवर एकदाही चूक झालेली नाही. बाकी जगाचं मी काही सांगू शकत नाही, पण औषधाच्या बाबतीत मी छाती ठोकून सांगेन.

२० सप्टेंबर, मंगळवार

आज एक समाधानाची गोष्ट. इतके दिवस मी हात धू, हात धू म्हणून ओरडत होतो, ते पोरीच्या अंगी लागलं. औषध घेतलं की आपणहून बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडून चांगला वेळ हात धुते. मी दाराबाहेरून म्हटलं, "शाब्बास!" तर आतून "हं" आलं. बाहेर आली तेव्हा तोंडही धुतलेलं, डोळे लाल. म्हटलं, साबण गेला का? "हो, साबण."

खाणं जरा कमी झालंय. नाटकाची धाकधूक असणार. माझ्यावर गेलीय.

२४ सप्टेंबर, शनिवार

नाटक झालं!

मी दोन रुमाल घेऊन गेलो होतो, एक माझ्या तोंडाला बांधायला आणि एक तिच्यासाठी. तिने नाही बांधला. न्यायाधीश तोंड बांधून निकाल कसा देणार, म्हणाली. मी तो रुमाल खिशात घातला.

पडदा उघडला तर ती उंच खुर्चीवर बसलेली, काळा झगा, पाय जमिनीला टेकत नाहीत. कोल्ह्याने खोटी साक्ष दिली तेव्हा तिने असा हातोडा आपटला की कोल्हा खरोखरच दचकून आपलं वाक्य विसरला. तर खारूनेच ते त्याला सांगितलं, "तुम्हाला असं म्हणायचं आहे का, की कोंबडी स्वतःहून तुमच्या घरी आली?" सभागृह कोसळलं हसून. मी हसलो आणि मग रडलो. ही माझा गुडघा दाबून धरून बसली होती. दोनशे माणसं आहेत, हवा एकच आहे, हे सगळं मी विसरून गेलो. बऱ्याच काळाने असं झालं.

परत येताना खारू गाडीत झोपली. ही म्हणाली, "फार थकल्यासारखी दिसते ना रे?" मी म्हणालो, "अगं, एवढा मोठा खटला चालवला." आम्ही दोघं हसलो.

२७ सप्टेंबर, मंगळवार

लिहिता येत नाहीये. पण दुसरं काय करू?

नेहमीची रक्ततपासणी होती. दुपारी डॉक्टरांचा स्वतःचा फोन. यकृताचे आकडे भराभर चढलेत. रक्तात औषध जवळपास नाहीच. "आत्ता घेऊन या. कपडे घेऊन या." कपडे घेऊन या म्हटलं की काय ते आम्हाला कळतं.

डॉक्टरांनी विचारलं, "औषधाचे काही डोस चुकले का?"

मी म्हणालो, "एकही नाही. मी स्वतः देतो. हे सगळं शाळेमुळे झालंय. त्या सभागृहामुळे. मी आधीपासून सांगत होतो." माझा आवाज फार चढला असावा, कारण नर्स दारात येऊन उभी राहिली.

डॉक्टर म्हणाल्या, "शाळेमुळे रक्तातलं औषध कमी होत नाही. तुम्ही दोघं जरा बाहेर बसता? मला हिच्याशी बोलायचंय."

थोड्या वेळाने त्यांनी आम्हाला आत बोलावलं. खारू खाटेवर बसून चादरीचं टोक पिळत होती. डॉक्टर म्हणाल्या, "सांगतेस का तू? की मी सांगू?"

खारू आईकडे बघून बोलली. माझ्याकडे नाही. "नवी गोळी घेतली की मला मळमळायचं. मग उलटी व्हायची. रोज नाही. पण बऱ्याचदा. मग सगळं औषध पडून जायचं."

ही म्हणाली, "अगं, मग सांगायचं नाहीस का राणी?"

"सांगितलं असतं तर नाटक बंद झालं असतं. बाबा घाबरला की सगळं बंद होतं."

ही तिच्याजवळ खाटेवर जाऊन बसली.

"आणि मग तो जेवत पण नाही," खारू म्हणाली.

डॉक्टरांनी नंतर मला बाहेर सांगितलं की गोळी बदलता आली असती, उलटी लगेच झाली तर डोस पुन्हा कधी द्यायचा ते सांगता आलं असतं. एका फोनचं काम होतं. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

नळाचा आवाज कानातून जात नाही. मी शाब्बास म्हणालो होतो.

२८ सप्टेंबर, बुधवार

सकाळी यकृताचा बारीक तुकडा काढून तपासायला नेला. शरीर यकृताला नाकारतंय, हे नक्की झालं. तीन दिवस सलाईनमधून जोराचं औषध द्यायचं. बहुतेक मुलं याने सावरतात, डॉक्टर म्हणाल्या. बहुतेक. मी त्या शब्दाला धरून बसलोय. कधी तो माझ्या बाजूचा वाटतो, कधी नाही.

तिला आत नेलं तेव्हा आम्ही दोघं बाहेर बाकावर. हिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "त्या दिवशी मी आत होते. गुंगीत. मला काहीच कळलं नाही. जाग आली तेव्हा सगळं झालेलं होतं."

"हो," मी म्हणालो.

"तू मात्र दिवसभर इथे होतास. एकटा. मला हे कधी सुचलंच नाही रे. सगळे माझंच कौतुक करत राहिले. मीही करून घेत राहिले."

मी म्हणालो, "माझं काय, मी नुसता बसलो होतो."

मग काय झालं कळेना. मी कँटीनमधून चहा आणतो म्हणून उठलो आणि जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकून असा रडलो, की एक झाडूवाला थांबून पाणी घेऊन आला. हिचं बोलणं तर साधंच होतं. एवढं रडण्यासारखं त्यात काय होतं, मला अजून कळलेलं नाही. खारूची काळजी असेल.

३० सप्टेंबर, शुक्रवार

आकडे उतरले नाहीत. चढलेही नाहीत. "वाट बघू," डॉक्टर म्हणतात.

खारूला भूक नाही. हातावर सुयांचे निळे डाग. मी खुर्ची ओढून जवळ बसलो आणि म्हणालो, "खारू, माझं चुकलं." मला पुढे बरंच बोलायचं होतं. तिने माझ्याकडे काळजीने बघितलं आणि विचारलं, "तू जेवलास का?"

मी खाली जाऊन जेवलो. एक घास उतरत नव्हता, पण ताट रिकामं केलं. वर येऊन सांगितलं काय काय खाल्लं ते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग स्वतः अर्धं केळं खाल्लं.

मग म्हणाली, "बाबा, मी मरणार आहे का?"

नाही, असं तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "मला तसं वाटत नाही. डॉक्टरांनाही वाटत नाही. पण मला भीती वाटते."

"खरं सांगितलंस," ती म्हणाली. हे शाबासकीसारखं म्हणाली की तक्रारीसारखं, समजलं नाही. माझा अंगठा धरून झोपून गेली.

२ ऑक्टोबर, रविवार

उतरले. आज आकडे उतरले. डॉक्टर हसत आत आल्या तेव्हाच कळलं. हिने मला मिठी मारली, नर्ससमोर. खारू म्हणाली, "गाल परत फुगणार का?" थोडे दिवस फुगतील, डॉक्टर म्हणाल्या. "ठीक आहे. नाव आहेच."

निघताना मी डॉक्टरांना विचारलं की मी नक्की काय करू. घाबरू नका म्हणालात तर ते मला जमणार नाही. आधीच सांगतो.

त्या म्हणाल्या, "घाबरा की. तुमच्या जागी मीही घाबरले असते. फक्त तिने काही सांगितलं की पहिलं वाक्य ओरडून बोलू नका. आधी 'बरं झालं सांगितलंस' म्हणा. मग मला फोन करा. आणि काय बंद करायचं, काय चालू ठेवायचं, ते माझ्यावर सोडा."

गाडीत बसल्यावर मी ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. ही म्हणाली, "दमदाटी केल्यासारखं वाटतं. परत म्हण."

२३ ऑक्टोबर, रविवार

मधले दिवस काही विशेष घडलं नाही, म्हणजे फार चांगले गेले. शाळा सुरू झाली. नवी गोळी बदलून मिळाली, मळमळत नाही.

आज दुपारी खारू लंबूकडे खेळायला गेली होती. मी आणि ही पडदे धुऊन वाळत घालत होतो. फोन वाजला. लंबूच्या आईचा नंबर, पण आवाज खारूचा.

"बाबा, मला बरं वाटत नाहीये. अंग गरम लागतंय. घसा पण दुखतोय."

पडदा हातातून खाली मातीत पडला. लंबूकडे कुणाला काय झालं होतं, काय प्यायली, पंख्याखाली बसली का, हे सगळं एकदम तोंडाशी आलं. ही समोरून माझ्याकडे टक लावून बघत होती. मी म्हणालो, "बरं झालं सांगितलंस. येतो मी."

जरा दमदाटी केल्यासारखंच वाटलं असेल. पण म्हणालो.

डॉक्टरांना फोन केला, त्यांनी बोलावलं. ही घरी थांबली, मी खारूला घेऊन गेलो. तिचं रक्त घेतलं, घसा बघितला. आकडे येईपर्यंत आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो, खारू माझ्या मांडीवर डोकं ठेवून. मी तिच्या केसांतून हात फिरवत होतो.

"बाबा, तुझा हात हलतोय."

"हो. घाबरलोय मी."

तिने मान वळवून वर पाहिलं. "खूप?"

"खूप."

"मी पण," म्हणाली. आणि जरा वेळाने, "लंबूच्या आईला मी नाही सांगितलं. फक्त फोन मागितला. म्हटलं आधी तुला सांगू."

मी नुसता हात फिरवत राहिलो, हलतोय तर हलतोय.

यकृत उत्तम आहे. घसा धरलाय. साधी सर्दी, ज्याला साधी म्हणतात ती. औषध दिलंय, दोन दिवस आराम, बुधवारी शाळा. येताना खारूने विचारलं, "बुधवारी म्हणजे बुधवारीच ना?" मी म्हणालो, "बुधवारीच." भीती अजून आहे. ती काही जाईलसं वाटत नाही.

घरी आल्यावर मी हिला सगळं सांगितलं. ताप, घसा, आकडे. मग म्हणालो, "तिने मला फोन केला, माहितेय? स्वतःहून. मला."

"हो रे," ही म्हणाली, "माझ्यासमोरच आला ना फोन. आणि तू हे आता चौथ्यांदा सांगतोयस." तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

पाचव्यांदा इथे लिहून ठेवतो. खारूने मला फोन केला.